चव्वेचाळीस डावखुऱ्या सुऱ्या

मी, मिझोगुची योशिहारू, वय सत्त्याहत्तर, चामड्याच्या पिशव्या शिवणारा, राहणार हिमेजी, हा कागद स्वतःच्या डाव्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. एप्रिलपासून ते अधूनमधून सुन्न होते, पण डॉक्टर म्हणतात की हा आजार नव्हे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे; ते लिहिणाऱ्याला निम्मी गोष्ट ठाऊकच नव्हती.

कलम १. राहते घर, शिलाईचे मशीन आणि बँकेतील शिल्लक मुलगी मिसुझु हिला मिळावी. कामाच्या खोलीतले दगडी टेबल हलवू नये, जमीन फुटेल.

कलम २. उरलेले पांढरे चामडे समोरच्या सुगिओबाईंना द्यावे. शेजारी ओबाता याला माझी एकही हातोडी देऊ नये. एक त्याच्याकडे आहेच, एकोणीस वर्षे.

कलम ३. सुऱ्या. एकूण चव्वेचाळीस. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी मूळचा मिकी गावच्या हिरोसे लोहाराचा धाकटा मुलगा. आमच्या भट्टीत घडीच्या सुऱ्या होत: पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ आणि पाते उघडायला अंगठ्याने दाबायची छोटी शेपटी. १९६७ साली मी साएकोशी लग्न करून तिच्या घरी राहायला आलो, तिचे आडनाव घेतले. तिच्या घरी कातडी कमावत. अशा घराशी आमच्याकडचे लोक सोयरीक करत नसत, त्यांच्या हातचे खात नसत. लग्नाला बाबा आले नाहीत. थोरला भाऊ कात्सुमी उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "त्या घरात माझ्या भट्टीचं लोखंड जाणार नाही." त्यानंतर आम्ही बोललो नाही.

चामड्याची कड तासायला पात्याला उतार एकाच अंगाने लागतो. दुसरे अंग सपाट, कडक पोलादाचे. उजव्या हाताची सुरी कितीही घासली तरी डाव्या हाताची होत नाही. पोलाद आणि लोखंडाचे थर भट्टीतच उलटे जोडावे लागतात. डावखुरी सुरी मला कुठेच मिळेना. १९७१ साली मिकीचे दुकानदार तानिमोतो म्हणाले, "टोकियोचा एक डावखुरा कारागीर दरवर्षी दोन मागवतो, नेतो एकच. दुसरी तू घे."

तेव्हापासून २०१४ सालापर्यंत वर्षाला एक. प्रत्येक सुरीला मी आठवडा देत असे. शेपटी तळव्याला टोचते म्हणून कापायची, पितळेच्या कडा गोल करायच्या, टोक तिरके उतरवायचे, सपाट बाजू ओल्या दगडावर आरशासारखी करायची, मुठीला बकरीचे पातळ चामडे चढवायचे. जुनी सुरी मी तानिमोतोंना दाखवायला नेई. नवव्या वर्षापासून शेपटी आखूडच येऊ लागली. मला वाटले, टोकियोवाल्याचीही तीच तक्रार असणार.

साएकोला त्या माणसाचे फार कौतुक. त्याच्यामुळे आपले घर चालते, म्हणायची. दर वसंतात ती बारीक मासे सोया आणि साखरेत आटवायची आणि एक डबा तानिमोतोंच्या हाती त्याच्यासाठी पाठवायची. २००९ साली ती गेली. त्या वर्षीही डबा गेला होता.

या एप्रिलमध्ये तानिमोतो वारले. दुकान बंद करताना त्यांची मुलगी कियोए मला म्हणाली, "काका, तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? टोकियोत कोणीच नाही. तुमचे दादाच बनवायचे. बाबांकडून शपथ घेतली होती."

  घरी आल्यावर मिसुझुने विचारले, "लोहाराचे मुलगे ना तुम्ही? भावाचा हात ओळखू आला नाही?" आला नाही, हे खरे. 

तिसऱ्या दिवशी मिकीला गेलो. दादा ओसरीवर वाटाणे सोलत होता.

"आलास? बस."

बावन्न वर्षांनी एवढेच.

"का केलंस?" मी विचारले.

"डावखुऱ्याला बाजारातली सुरी चालत नाही."

"ते नाही विचारलं मी. काय म्हणाला होतास उंबऱ्यात?"

"बाबा होते तोवर हिंमत नव्हती. ते गेल्यावर तोंड नव्हतं."

"साएकोच्या मयताला?"

"आलो होतो. सायकली लावतात ना, त्या कोपऱ्यावर उभा होतो."

"कोपऱ्यावर उभं राहणं म्हणजे येणं नव्हे, दादा."

तो पुढची शेंग सोलू लागला. मग मला आठवले. "डबे? ते डबे कुठं गेले?"

"माझ्याकडे."

"खाल्लेस?"

"सगळे. एक मासा टाकला नाही."

अडतीस वर्षे. ज्या घरात याचे लोखंड जाणार नव्हते, त्या घरातल्या बाईच्या हातचे हा जेवत होता, आणि आपण कोणाला वाढतो आहोत हे तिला मरेपर्यंत कळले नाही. मी तसाच उठून परत आलो. त्याला क्षमा केली असे या कागदात कुठेही वाचू नये.

सर्व सुऱ्या चामडे शिवणाऱ्या डावखुऱ्या कारागिरांना एकेक द्याव्यात. कपाटात मांडून ठेवणाऱ्यांना देऊ नयेत.

कलम ४. "हिरोसे कात्सुमी याला माझ्या अंत्यविधीला येऊ देऊ नये" हे जुने कलम रद्द. तो आल्यास त्याला पहिल्या रांगेत बसवावे. तिथून निसटता येत नाही.

कलम ५. पहिल्या वर्षीची सुरी दादासाठी ठेवणार होतो. पण कचेरीतल्या बाईंनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही. मी फोनवर विचारले, "दादा, सुरी हवी की सही करतोस?"

"सही कुठं करायची?"

"माझ्या घरी. साएकोच्या फोटोसमोर."

 तो म्हणाला, "सुरी नको."

ठिकाण: हिमेजी, राहते घर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०१९

लिहून देणार: मिझोगुची योशिहारू (सही, शिक्का)

साक्षीदार:
१. तानिमोतो कियोए (सही)
२. हिरोसे कात्सुमी, लोहार (सही. पहिली सही कागद ओला झाल्याने पसरली, म्हणून खाली पुन्हा केली आहे. दोन्ही त्याच्याच.)