देवाच्या मापाची चौकट

सालेकसा, मार्गे गोंदिया
ता. ८ फेब्रुवारी १९५३

चि. केवलराम यास अ. आ. वि. वि.

तुला एक आजी आहे, सालेकस्यात राहते, तिचं नाव देवकाबाई. संक्रांतीपासून तुझं पत्र नाही, म्हणून ओळख करून दिली. नागपूरच्या नळानं माणूस एवढा विसरभोळा होत असेल तर विहिरीचं पी.

अक्षर तुझ्या बहिणीचं, बोल माझे. आता बसून ऐक. दुर्पताची सोयरीक मोडली. ही पोरगी 'मोडली' लिहूनच नाही राहिली, टाक दौतीत बुडवून बसली आहे. म्हणून पुन्हा सांगते, मोडली.

आमगावचे पाहुणे सुपारी फोडायला आले होते. पोटभर जेवले, वांग्याच्या भाजीला नावं ठेवली, म्हणजे सगळं ठीकच चाललं होतं. तेवढ्यात मुलाची मावशी फुलवंता हात धुऊन आत आली, भिंतीवरचं चित्र पाहिलं आणि जागीच थिजली. म्हणाली, काऊन हो, घरात एकटा सारस टांगला अन् पोरगी आमच्या घरी देता? बांधावर बिनजोडीचा सारस दिसला तर नवरा-नवरी तोंड फिरवतात, तुम्ही तर त्याला खिळा ठोकून बसवला. सुपारी ताटात अख्खीच राहिली. त्यांनी बैल जुंपले.

मी सुन्न झाले, केवल. तुझे आजोबा जंगलसाहेबाला वाट दाखवत. विलायतेला जाताना साहेबानं आपल्या आजीच्या हातचं हे पाणरंगी चित्र त्यांना दिलं. मी रोज त्या पाखराशी बोलले, पण याची जोडीदारीण कुठं आहे, हे एकदाही मनात आलं नाही. डोळे होते की कवड्या?

आपल्या गावचा छोटेलाल रेल्वेनं तिकडे येऊन राहिला. त्याच्या हाती चित्र वाकळीत गुंडाळून पाठवते. कोणाला द्यायचं त्याला दे, पण फोडू नको. यांनी आपल्या हातानं टांगलं होतं. दुर्पता जेवत नाही. तिला तो मुलगा, गोवर्धन, मनापासून आवडला होता. हे तिच्याच हातून लिहून घेते, म्हणजे नाही म्हणायची सोय नाही.

म्हातारीवरची माया शहराच्या धुळीत सांडू नको.

देवकाबाई, निशाणी अंगठा


नागपूर
ता. १५ फेब्रुवारी १९५३

ती. आजीस केवलरामचा शि. सा. न. वि. वि.

विसरभोळा नातू हजर आहे. तुझं पत्र वाचून घास उतरला नाही, पण आज जे पाहिलं ते आधी ऐक.

छोटेलाल गाडीत वाकळीवरच बसला, काच तडकली. म्हणून चित्र मुन्नालाल चौकटवाल्याकडे नेलं. त्यानं मागचे खिळे काढले, फळी उचलली, तर कागद मागे दुमडलेला! घडी उलगडली आणि आजी, आतून दुसरा सारस निघाला. मान उंच, चोच उघडी, हाक देणारा. आपला सारस भिंतीकडे बघतो असं आपल्याला वाटायचं. तो त्याच्याकडे बघत होता. घडीत उजेड लागला नाही, म्हणून त्याच्या मानेचा तांबडा रंग कालच दिल्यासारखा आहे. मी दुकानात एवढ्यानं ओरडलो की शेजारचा न्हावी वस्तरा घेऊन धावत आला.

मुन्नालाल म्हणतो, कागद फार जुना आहे आणि चौकट देवाच्या तसबिरीच्या मापाची आहे. चित्र मावेना, म्हणून कुणी तरी अर्धं मागे घातलं. मी मोठी चौकट करवून घेतो आणि थेट आमगावला नेऊन त्या मावशीपुढं ठेवतो. दुर्पताला म्हणावं, जेव.

लोभ आहेच, तो रागावूनही असू द्यावा.

तुझा केवलराम


सालेकसा
ता. २१ फेब्रुवारी १९५३

चि. केवलराम यास अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचता वाचता दुर्पता मधेच रडायला लागली. मला वाटलं, नागपुरात कोणी गेलं. मग तिनं पुढचं वाचलं, तेव्हा कळलं. साहेबानं गुंडाळी दिली होती. साहेबाची वस्तू कशी उघडावी म्हणून यांनी ती तशीच गोंदियाच्या दुकानात दिली. घरी येऊन म्हणाले होते की दुकानदाराकडे लक्ष्मीच्याच मापाच्या चौकटी होत्या, पण त्यानं बरोबर बसवून दिलं. बसवलं तर खरं! इतकी वर्षं एकाला भिंतीवर आणि दुसऱ्याला अंधारात.

पण धक्के तूच देशील होय? माझाही एक घे. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गोवर्धन आला. एकटा, सायकलवर, धुळीनं पांढरा झालेला. ओसरीत उभा राहून तुझ्या बाबाला म्हणाला की पाखरू एकटं असो की दुकटं, मला पोरगी पसंत आहे, आणि चित्र भिंतीवरून उतरवलं असेल तर परत टांगा. तुझ्या बाबाच्या हातून पाण्याचा लोटाच सुटला. दुसऱ्या सारसाची गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. तेवढ्यात दाराआडून दुर्पतानं मान हलवली. सांगू नको.

मी आजवर एवढं मोठं बोलणं कधी गिळलं नाही. पोटात दुखलं.

त्याच्या बापाचा निरोप आला आहे की पोरगा ऐकत नाही, लग्न वैशाखात उरका. तेव्हा मोठी चौकट करू नको. नवी काच लाव, घडी होती तशी घाल आणि चित्र इकडे पाठव. दुर्पता म्हणते, मी त्या एकट्या सारसाखालीच बसून कुंकू लावून घेईन. दुसरा मी त्याला लग्नानंतर माझ्या हातानं उलगडून दाखवीन. ही माझ्याहून वस्ताद निघाली.

आठवण ठेव, नाही तर मी पुन्हा ओळख करून देईन.

देवकाबाई, निशाणी अंगठा

ता. क. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी आमगावची माणसं कुंकू लावायला येतात. टोपलीभर संत्री पाठव, गोड बघून. फुलवंता मावशीही येणार आहे. तिच्यासाठी आंबट वेगळी बांध.