आधी तू, मग मी

१२ जुलै १९८८

चि. भुंगीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, तक्रारअर्जच तो. वसतिगृहाच्या खोलीत तिघीजणी, खिडकी एकच आणि तीही तुझ्या खाटेपासून लांब, शिवाय शेजारची मुलगी झोपेत दात खाते. अगं, तू पाठांतर करताना जी गुणगुण लावतेस, ती मी इतकी वर्षं ऐकली. आता त्या दोघी ऐकतील. दात खाणारीवर फार रागावू नकोस, तिच्याकडेही सांगण्यासारखं बरंच असेल.

मला लाँड्रीत काम लागलं. इस्पितळांच्या चादरी गाड्या भरभरून येतात. धुऊन झाल्या की आम्ही दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून त्या तापलेल्या रोलरमध्ये सोडतो. एकीने जरा हात आखडला की चादर तिरकी जाते आणि मशीन थांबवावं लागतं. पहिल्या दिवशी माझ्यापायी दोनदा थांबलं. सुपरवायझरबाईंनी नुसतं बघितलं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाबांची पाठ तशीच आहे. डेपोने लवकर निवृत्त केलं हे अजून त्यांच्या पचनी पडत नाही. सकाळी उठून बस काढायला निघाल्यासारखे तयार होतात आणि मग खुर्चीत बसतात. परवा मला म्हणत होते की तुलाही भूमापनाला प्रवेश मिळाला होता, तो सोडायला नको होता. मी त्यांना पुन्हा सगळं समजावलं. आईच्या आजारपणात माझं एक वर्ष गेलं, म्हणून आपण दोघी एकाच वेळी शाळेतून बाहेर पडलो, आणि दोघींच्या फिया एकदम झेपणाऱ्या नाहीत. औषधशास्त्र शिकलेल्याला नोकरी लगेच लागते. तेव्हा आधी तू शिकायचंस, मी घर चालवायचं. मग तू घर चालवायचंस आणि मी शिकायचं. हे आपण दोघींनी ओट्यावर बसून ठरवलं, कोणी आपल्यावर लादलेलं नाही. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नकोस, फक्त अभ्यास कर.

रविवारी मावशीकडे जात जा. ती तुला खायला घालेल आणि मला तुझ्या बातम्या कळवील.

लोभ आहेच. पुस्तकांच्या ढिगाखाली तो दडपू देऊ नकोस.
तुझी,
ताई

*

३ डिसेंबर १९८९

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पैसे मिळाले, वेळेवर मिळाले. दर वेळी पाकीट उघडताना मला तुझे हात दिसतात. मागच्या सुट्टीत बघितले ना, मनगटापर्यंत लाल झालेले. तू म्हणालीस वाफेने होतं. मी आमच्या सरांना विचारलं, त्यांनी एक मलम सांगितलं आहे. मावशीबरोबर पाठवते आहे, लावत जा. नाहीतर डबी तशीच कपाटात ठेवशील, तुझी सवय मला ठाऊक आहे.

प्रयोगशाळेत सध्या आम्ही गोळ्या पाण्यात किती लवकर विरघळतात ते बघतो. गोळी घालायची आणि टक लावून बसायचं. माझ्याबरोबर एक उंच मुलगा असतो, सगळे त्याला लांबू म्हणतात. तो इतका गंभीरपणे गोळीकडे बघतो की मला हसू आवरत नाही. पण हुशार आहे, मला त्याच्या वह्यांचा फार आधार होतो. तू लगेच भुवई वर करू नकोस.

ताई, मी रोज स्वतःला बजावते की हे वर्ष माझं एकटीचं नाही, त्यात तुझंही वर्ष आहे. पहिला पगार हातात पडला की तुझा अर्ज मी स्वतः नेऊन देईन. तू दुर्बीण लावून अख्खं जग मोज, मी घरी बाबांची बोलणी खात बसेन.

तुझा लोभ मला पुरून उरतो, तरी अजून मागते.
तुझी,
भुंगी

*

२० जून १९९२

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

निकाल तुला तारेने कळवलाच. आता दुसरी बातमी: मला नोकरी लागली! औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात. पांढरा कोट, स्वतःचं टेबल, आणि टेबलाला कुलूप लागणारा खण. मावशीने सगळ्या इमारतीत सांगून टाकलं.

ताई, एक विचारायचं आहे आणि ते लिहायला तीन दिवस लावले. वसतिगृह सोडावं लागलं. खोली घेतली तर आगाऊ रक्कम द्यावी लागते, भांडीकुंडी लागतात, नोकरीही पहिलं वर्ष कच्ची आहे. या जुलैत तुझ्या फियांचं आणि घरखर्चाचं एकदम मला जमणार नाही. एकच वर्ष थांबशील? पुढच्या जुलैत नक्की. शपथ वगैरे घेत नाही, तुला आवडत नाही म्हणून. पण शपथ घेतल्यासारखंच समज.

रागावली असलीस तर तसं लिही, पण लिही.
तुझी,
भुंगी

*

२ जुलै १९९२

चि. भुंगीस,
अनेक आशीर्वाद.

रागावले नाही. पत्र वाचून जरा वेळ बसून राहिले इतकंच. मग उठून कामावर गेले. रोलरवरची माझी जोडीदारीण विचारत होती की आज गप्प का. मी म्हटलं, बहिणीला नोकरी लागली. तिला काही उमगलं नाही.

खरं सांगायचं तर मागच्या आठवड्यात सुट्टी घेऊन मी भूमापन संस्थेत जाऊन आले होते. बसने अर्धा दिवस जातो. आवारात मुलं तिपाईवर दुर्बीण लावून उभी होती आणि लांब कुंपणापाशी एक मुलगी लाल-पांढरी काठी धरून. ती जरा डावीकडे, जरा उजवीकडे सरकत होती आणि इकडून हातवारे चालले होते. मी बराच वेळ बघत राहिले, तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं की कोणाला भेटायचं आहे. मी कोणालाच नाही म्हटलं. कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं की पंचविशीच्या आत असाल तरच प्रवेश. म्हणजे पुढचं वर्ष जमेल, त्यानंतर मात्र धोका आहे.

तेव्हा एक वर्ष थांबते. तू खोली घे, आणि खिडकी तुझ्या खाटेजवळ असेल अशी घे. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं. मला वाटतं त्यांना तुझ्या नोकरीबद्दल म्हणायचं असावं.

लोभाला वर्षाची अट नाही, हे वेगळं सांगायला नको.
तुझी,
ताई

*

१८ एप्रिल १९९३

चि. ताईस,
मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला पत्र लिहायला मला अंमळ उशीरच झाला, पण इथे माझी नुसती धांदल उडाली आहे. आपल्या भुंगीचं लग्न ठरल्याचं तुला कळलंच असेल. तो लांबू काही वाईट नाही हो. दारातून येताना मात्र दर वेळी वाकतो, आमच्या दाराला कधी लागलेला नाही तरी. बोलायला कमी, पण वाढलं तेवढं सगळं खातो.

भुंगीचं कौतुक करावं तेवढं थोडं. त्याला पुढच्या पदवीसाठी परदेशातल्या विद्यापीठात जागा मिळाली, घरून मदत होण्यासारखी नाही, तर हिने आपली सगळी शिल्लक त्याच्या तिकिटासाठी आणि फियांच्या पहिल्या हप्त्यासाठी भरून टाकली. मागच्या महिन्यातच पैसे गेले. हल्लीच्या मुली असं करतात का सांग. मी म्हटलं, अगं, ते पैसे ताईच्या शिक्षणाचे होते ना. तेव्हा ती म्हणाली की तू आता तो विचार सोडलास, तुझ्या बाबांनीच तसं लिहिलं. मला आधी पटेना. मग बाबांचं पत्रही तिने दाखवलं. ताई, तुझं मन मोठं आहे हे मला ठाऊक होतं, पण इतकं मोठं असेल असं वाटलं नव्हतं. तुझ्या आईने बघायला हवं होतं.

साखरपुडा वगैरे काही करायचा नाही म्हणतात. तू आठ दिवस आधी ये. मला एकटीला हे निभत नाही.

बाबांना नमस्कार. तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे.
तुझी,
मावशी

*

२५ एप्रिल १९९३

चि. भुंगीस,
आशीर्वाद.

मावशीचं पत्र आलं. तुझं लग्न ठरल्याचं मला तिच्याकडून कळलं. लांबूला जागा मिळाल्याचं, आणि ती कोणाच्या पैशांवर मिळाली तेही.

मी माझा विचार सोडला असं मी कधी, कोणाला म्हणाले ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर कळव. गोल गोल लिहू नकोस.

ताई

*

६ मे १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून मला धड काही सुचत नाही. सरळ लिहिते.

जानेवारीत मी बाबांना लिहिलं होतं की ताईच्या फियांची तयारी होत आली, पण इकडे लांबूची अशी अडचण आहे, काय करू. त्यांचं उत्तर आलं की ताईचा जीव आता लाँड्रीत रमला आहे, तिला बढती मिळायची आहे, या वयात ती पोराटोरांच्या वर्गात कुठे बसणार, तू खुशाल पैसे वापर. तुला यातलं काही विचारू नकोस असंही लिहिलं होतं, तू उगाच भिडेखातर काहीतरी म्हणशील म्हणून. मी विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला म्हणून ठेवला, हेही खरं आहे. तुला पत्र लिहायला घेतलं की दर वेळी दुसरंच काहीतरी लिहून व्हायचं.

याची जागा वर्षभर राखून ठेवता येण्यासारखी नव्हती. तुझं एक वर्ष पुढे ढकलता येईल असं मला वाटलं. वयाची अट माझ्या लक्षात होती, पण कुठे तरी रदबदली होईल, कोणाला तरी भेटता येईल, असं मी मनाला समजावलं. ताई, तो परत आला की आम्ही दोघं मिळून तुला शिकवू. तुला हवं तिथे, हवं ते. दर महिन्याला थोडे थोडे आतापासूनच पाठवते.

लग्नाला तू आली नाहीस तर मी कोणत्या तोंडाने उभी राहू?

लोभ मागायचा अधिकार मला आहे की नाही ते तूच सांग.
तुझी,
भुंगी

*

३० जून १९९३

चि. भुंगीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी काही कामं उरकायची होती.

तुझं पत्र वाचल्यावर मी बाबांसमोर जाऊन बसले. ते पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला नाही. बढतीबद्दल मी त्यांना कधी बोलले, असं विचारलं. ते म्हणाले, बोलली नसशील, पण मिळेल असं त्यांना वाटलं. लाँड्रीत माझा जीव रमल्याचं त्यांना कशावरून कळलं, तेही विचारलं. त्यावर त्यांनी पान उलटलं. शेवटी पेपरमागूनच म्हणाले, "तू गेलीस तर माझं कसं व्हायचं, याची मला भीती वाटली." मग मला त्यांच्यावर ओरडता आलं नाही. उठून दोघांसाठी चहा केला. त्यांना भीती वाटली हे मला समजतं. पण ती मला सांगायची सोडून त्यांनी तुला भलतंच लिहिलं, आणि ते तुझ्या सोयीचं पडलं.

पैसे गेले याचं दुःख मी करत बसणार नाही. पाच वर्षं पैसे येतात आणि जातात हेच बघते आहे. तू मला विचारलं असतंस, की ताई, याची जागा जाते आहे, काय करू, तर मी हो म्हटलं असतं. रात्रभर तळमळले असते आणि सकाळी हो म्हटलं असतं. हे तुला पक्कं ठाऊक होतं. मग मी दिलं असं झालं असतं, आणि तुझ्यावर त्याचं ओझं राहिलं असतं. तेवढंही तुला नको होतं. मी विचार सोडला असं सगळ्यांना सांगून तू मोकळी झालीस, आणि मावशीने मला त्याच्याबद्दल शाबासकी दिली. ते वाचताना मला तोंडात मारल्यासारखं झालं. मुकाट्याने नेलं असतंस तर इतकं लागलं नसतं. मला माझंच शिक्षण नको असं माझ्या नावाने सांगितलंस, ते माझ्याच्याने विसरवत नाही.

आता कामाचं लिहिते. सुपरवायझरबाईंना मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी त्यांनी जसं बघितलं होतं तसंच बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. आमच्या लाँड्रीची एक शाखा संस्थेच्या गावात आहे. तिथे पहाटेच्या पाळीला मला घेतील. वर्ग त्यानंतर सुरू होतात. लाँड्रीतला माझा फंड मी काढला, त्यात पहिल्या सहामाहीच्या फिया भागल्या. पुढचं पुढे. प्रवेश झाला. वयाच्या रकान्यापाशी कारकुनाने जन्मतारीख दोनदा वाचली आणि शिक्का मारला. त्याच दिवशी नव्या मुलांना एका वर्गात बसवलं, माझ्याएवढं कोणी नाही, सगळी अठरा-एकोणीसची पोरं. एकाने मला बाई म्हणून हाक मारली आणि तास किती वाजता सुरू करणार म्हणून विचारलं. मी त्याला सांगितलं की मीही तुझ्यासारखीच वाट बघते आहे.

तू दर महिन्याला थोडे पैसे पाठवणार म्हणालीस. ते मला पाठवू नकोस. ते तुला लागतील. आपलं ठरलं होतं की एकीने शिकायचं आणि दुसरीने घर बघायचं. माझी शिकायची पाळी मी घेतली आहे, तुझ्याकडून नाही, माझी मी. घराची पाळी तुझी. इथल्या खोल्या सोडत असल्याचं घरमालकांना कळवलं. बाबा शनिवारी तुझ्याकडे येतील. त्यांना मी विचारलं, हो. त्यांनी मला विचारलं नव्हतं तरी मी विचारलं. आधी नको म्हणाले, मग दोन दिवसांनी स्वतःच बॅग काढून पुसायला बसले.

त्यांना मऊ गादी चालत नाही. खाटेवर फळी टाक. सकाळी लवकर उठून कपडे करून बसतील, तेव्हा कुठे निघालात असं विचारू नकोस. औषधं दिलेली आवडत नाहीत, समोर ठेवून निघून जायचं म्हणजे घेतात. ते रागीट नाहीत, घाबरट आहेत. मला हे कळायला इतकी वर्षं लागली, तुला लवकर कळेल.

लग्नाला मी येणार नाही. मावशीला मी वेगळं लिहिते आहे, आणि त्यात खरं काय ते लिहिते आहे. लांबूवर माझा राग नाही, त्याला यातलं किती सांगितलंस ते मला ठाऊक नाही. तो शिकून येवो. खरंच येवो.

लोभ आहे, तो काढून टाकावासा वाटला तरी निघत नाही. पण यापुढे तू काही ठरलं म्हणालीस की मी तुझा शब्द धरून बसणार नाही, एवढं मात्र ध्यानात ठेव.

ताई

ता. क. बस सकाळी नऊला पोचते. उतरताना बाबांना हात दे. ते मागणार नाहीत.