बाळाबरोबर वाढणारी नळी

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पाठ धरली आहे, तेव्हा निम्मा आज घे, उरलेला भेटीत.) तुझे गुडघे काय म्हणतात? आतोबा गोळ्या घेतात, की नुसत्याच मोजून ठेवतात?

तू शेजारणींना सांगतेस, भाची स्प्रिंगा बनवते. फार चुकत नाहीस. काही बाळांची हृदयाजवळची रक्तवाहिनी जन्मतःच अरुंद असते. तिथे डॉक्टर जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, घालतात आणि आतून फुगा फुगवून ती उघडतात. पण बाळ वाढतं, नळी तेवढीच राहते, आणि पोराला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. मूल वाढेल तशी तीच नळी फुग्याने आणखी रुंद करता यावी, एवढीच आमची खटपट.

मोठे डॉक्टर (हे हृदयं दुरुस्त करतात, पण खोलीत आले की आमची बंद पडतात) आमची नमुन्याची नळी बघायला आले, त्या दिवशी मी चिमट्यात नळी धरली आणि शिंकले. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू! पाच उच्चशिक्षित माणसं टेबलांखाली रांगत होती. (मोठे डॉक्टर सगळ्यांत चपळ निघाले.) शेवटी ती माझ्याच कोपराला चिकटलेली सापडली. मग रक्तवाहिनी समजून रबरी नळीत घालून फुगवली. एकदा झकास, दुसऱ्यांदा झकास, तिसऱ्यांदा टक्! भिंगाखाली पाहिलं तर जाळीच्या एका कोपऱ्यात तडा. डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "हे बाळाच्या आत झालं असतं तर?" आणि निघून गेले.

आठवडाभर मला घास गेला नाही. मग कपाट उपसताना तू शिवलेला फ्रॉक हाती लागला. दुसरीत शिवलास, पाचवीपर्यंत पुरला, कारण दरवर्षी तू शिवणीत दुमडून ठेवलेली माया थोडी उसवायचीस. उलटा करून पाहिला, तर सगळी माया तू एका शिवणीत ठेवलीच नव्हतीस. थोडी बगलेत, थोडी पाठीत, थोडी खाली. आणि आम्ही सगळा ताण चार कोपऱ्यांवर टाकून बसलो होतो! जाळीला जास्त बाक दिले, ताण वाटून टाकला. (अहवालात तुझे आभार मानले, तर साहेब म्हणाले, "फ्रॉक हा संदर्भ होत नाही.") सात महिने आणि एकशे बारा मोडक्या नळ्यांनंतर एक नळी मोठ्या माणसाच्या मापापर्यंत उघडली आणि शाबूत राहिली. मोठ्या डॉक्टरांनी ती इतका वेळ न्याहाळली की त्यांचा चहा निवला. पुढच्या तपासण्या पार पडल्या, परवानगीही आली.

आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. रडक्या पोरांची मापं घेताना तू त्यांच्या आयांशी काय बोलायचीस? ही नळी ज्याला सर्वांत आधी बसवायची, त्या बाळाचे आईवडील आलेत. बाळ दीड महिन्याचं, दूध पितानाही दमतं. मी त्यांना अर्धा तास आकडे ऐकवले. आई म्हणाली, "ताई, तुमचं बाळ असतं तर बसवली असतीत?" मला तोंड उघडायला इतका वेळ लागला की तीच माझ्यासाठी पाणी आणायला उठली.

आणखी एक. मी हो म्हणाले, आणि ते खरं आहे. सोमवारी सकाळी नळी बसवणार. वरचं सगळं मी हे लिहायचं टाळण्यासाठी लिहिलं. आत माझं काही काम नाही. बाहेर बाकावर त्या आईशेजारी बसायचं आहे, आणि ते मला एकटीला जमणार नाही. उत्तर लिहू नकोस. गाडीची वेळ तेवढी कळव.