भोंग्यावर घेतलेलं नाव

१५ एप्रिल २००५, शुक्रवार

पोचलो एकदाचा! काल जालन्यात जयंतीच्या मिरवणुकीत नाचून घसा पार बसला, आणि आज वाटूर फाट्यावर उतरलो तर जीपवाला म्हणे, अजून माणसं भरल्याशिवाय गाडी हलणार न्हाई. शेवटी कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसून इथवर आलो. तरी मजेत आलो. काम माझ्या हातचं आहे, आणि हातचं काम असलं की मला रस्ता लांब वाटत नाही.

काम असं. ह्या गावाच्या ग्रामपंचायतीला कुणीतरी कॉम्प्युटर दान दिलाय. त्यावर लिनक्स टाकलंय, कारण ते फुकट. पाण्याची वेळ, लसीकरण, रेशन अशा सूचना त्यात बोलून ठेवायच्या आणि त्या भोंग्यावरून आपोआप वाजल्या पाहिजेत. आधी हे सगळं भिवा कोतवाल तोंडानं करायचा. तो दिवाळीत वारला, तेव्हापासून गाव गप्प. आणि मशीन काही बोलेना. माझ्याआधी दोन जण येऊन डोकं खाजवून गेले म्हणे. मी सरपंच दुर्गाबाईंना म्हणालो, दोन दिवसांत गायला लावतो.

राहायला जागा मिळाली ती त्याच भिवाच्या बायकोकडे, गोजरबाईकडे. मी तिला मावशी म्हणायला सुरुवात केली. माझी बायको उषा पुढच्या आठवड्यात येणार, पाचवा महिना आहे, सातव्यात माहेरी जाईपर्यंत इथंच राहील, असं सांगितलं तर म्हातारी एवढी हरखली की तिनं लगेच उषासाठी कोपरा सारवायला घेतला. पंचायतीचा शिपाई रामकिसन पण झकास माणूस आहे. चहा पाजतो आणि दिवसभर शीळ वाजवतो.

१६ एप्रिल, शनिवार

आज मशीनशी कुस्ती. साउंड कार्ड आहे, लिनक्सला दिसतंय. ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कार्ड यांच्यातला दुभाष्या, तोही बसलाय. कुठंही चूक दाखवत नाही, आणि आवाज शून्य. दुपारपर्यंत शिव्या घातल्या, मग लाइट गेली, मग अंधाऱ्या पडद्याला शिव्या घातल्या.

लाइट आल्यावर टाळक्यात उजेड पडला. अरे, हा ड्रायव्हर बसवला की सगळे आवाज मुळात बंदच ठेवतो! एक पडदा उघडतो, त्यावर उभ्या पट्ट्या असतात. एक मोठी पट्टी बाहेर जाणाऱ्या आवाजाची, तिच्याशेजारी माईकची वेगळी, आणखी चारदोन. पट्टीखाली MM दिसलं की ती मुकी. M चं बटण दाबलं की तिथं 00 येतं, मग ती बोलती. ह्या एका बटणासाठी दोघं शहाणे रडून गेले! मी दोन्ही पट्ट्या उघडल्या आणि तसंच साठवून ठेवलं. इथं लाइट सारखी जाते, पण एकदा साठवलं की मशीन परत सुरू होताना पट्ट्या जशा साठवल्या तशाच आणून ठेवतं.

उद्या सकाळी परीक्षा. रामकिसननं नवीन माईकला हळद-कुंकू लावलं.

१७ एप्रिल, रविवार

काय विचित्र गाव आहे!

भोंगे आहेत गावाच्या त्या टोकाला, पाण्याच्या टाकीवर, आणि त्यांची तोंडं वस्तीकडे. पंचायतीच्या खोलीत पंख्याच्या खडखडाटात त्यांचं काहीच कळत नाही. म्हणून रामकिसनला टाकीपाशी उभं केलं आणि माईक हातात घेतला. सकाळची भाकरीची वेळ, खिडकीतून दिसत होतं, घराघरावरून धूर निघत होता. मी मोठ्यानं म्हणालो, हॅलो, हॅलो, रामकिसन, टाकीपाशी आवाज येऊन राह्यला का?

बघता बघता धूर बंद. एका घरावरचा, मग दुसऱ्या, मग सगळ्याच. मला वाटलं वारा पडला. बाहेर आलो तर बायका डोक्यावर पदर ओढून, पुरुष टोप्या काढून एकाच दिशेनं निघालेले. रामकिसनच्या घराकडे! तिथं त्याची बायको उंबऱ्यात पडून ऊर बडवत होती. आणि रामकिसन स्वतः टाकीकडून धडधाकट चालत आला, पण तोंड राखेसारखं. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, सर, नाव न्हवतं घ्यायचं.

घरी आलो तर मावशीनं चुलीत पाणी ओतलेलं, माझी भाकरी तव्यावर अर्धी कच्ची. तिनं सांगितलं ते असं. ह्या गावात भोंग्यावर जित्या माणसाचं नाव घेत नाहीत. भिवाबाबा जन्मभर टाकीवाला, शाळेचे गुरुजी, वरच्या आळीची मंडळी असंच म्हणायचे. नाव घ्यायचं ते फक्त मयताचं. नाव ऐकलं की गाव चुली विझवतं, दिवस मावळेपर्यंत पेटवत नाही. आणि भिवाबाबांची दवंडी कधी खोटी ठरली नाही, म्हणून भोंग्यावरचं नाव खोटं ठरत नाही.

मी हसलो. म्हणालो, मावशी, तो कुणाचा जीव नाही, तारेतून जाणारा आवाज आहे. ती हसली नाही. कच्ची भाकरी खाऊन पोट दुखतंय.

१८ एप्रिल, सोमवार

रामकिसन फुगून बसलाय. मागून तीनतीनदा हाक मारली, वळेना. आता अतीच झालं म्हणून समोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, सर, आवाज येईना. काल सांजच्यापासून समदे नुसते तोंड हलवून राह्यलेत. मी खुणेनं सांगितलं, कानात मळ झाला असंल, वाटूरला जा, डॉक्टरला दाखव. त्यानं मान हलवली. म्हणाला, आता काय करायचं त्याचं.

शीळ बंद आहे त्याची. खोली अंगावर येते.

१९ एप्रिल, मंगळवार

रामकिसन गेला.

सकाळी टाकीच्या पायरीला टेकून बसलेला सापडला. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. ऊन आहेच तसं, मान्य. परवा मीच त्याला उन्हात उभं केलं होतं, तेही मान्य, आणि ते मला राहून राहून खातंय.

दुर्गाबाईंना विचारलं, भोंग्यावर सांगायचं का. त्या मला शिव्या देतील असं वाटलं होतं. शिव्या परवडल्या असत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, त्याची दवंडी रविवारीच झालीये की.

परत येऊन सगळ्या पट्ट्यांवर M दाबला. MM. MM. MM. मशीन मुकं केलं आणि बंद न करताच घरी आलो. ऊन लागलं होतं त्याला. ऊनच.

२० एप्रिल, बुधवार

नीट लिहितो.

सकाळी पंचायतीत बसलो होतो. लाइट गेली, आली, मशीन परत सुरू झालं. मी तिकडं बघितलंही नाही, मुकं केलंय म्हणून निर्धास्त. तेवढ्यात पंचायतीच्या फोनवर उषाचा फोन. लाइन खराब, वर पंखा खडखडतोय. एका कानावर रिसीव्हर दाबला, दुसऱ्यात बोट घातलं आणि ओरडून बोलायला लागलो. उषा, बोल! उषा, तब्येत कशी आहे? उषा, शनिवारी ये, मी फाट्यावर येतो! ती हसत होती. म्हणाली, बाळ लाथा मारतंय, तुमच्यावर गेलंय.

फोन ठेवला. माईक माझ्या कोपराशी पडलेला होता.

पडद्यावर पट्ट्यांखाली 00. मोठीखाली 00, माईकखाली 00. काल मुकं केलं, पण साठवलं नव्हतं! लाइट येताच मशीननं शनिवारचं साठवलेलं परत आणलं. उघडं. माझ्याच हातानं उघडं करून साठवलेलं. ही चूक तर शिकाऊ पोरगंसुद्धा करत नाही.

खिडकीकडे गेलो. गावावर धूर नव्हता.

मावशी दारात उभी होती, हात राखेनं भरलेले. तिनं विचारलं, उषा म्हंजी तुमचीच ना? मग ती रडायला लागली. जिला कधी बघितलं नाही तिच्यासाठी.

मी परत जाऊन सगळ्या पट्ट्या मुक्या केल्या, आणि ह्यावेळी आठवणीनं साठवलं. आता कितीही वेळा लाइट जाऊ दे, मशीन मुकंच उठेल.

२१ एप्रिल, गुरुवार

वाटूरला जाऊन बूथवरून फोन लावला. तिकडं कुणीतरी उचलला आणि उषाच्या हातात दिला. हॅलो? हॅलो? मी बोलतोय, मी ओरडतोय, बूथवाला माझ्याकडे बघतोय. मला ती स्पष्ट ऐकू येत होती, तिचा श्वाससुद्धा. तिला माझा आवाज नाही. मग तिच्या भावानं, धर्मराजनं, फोन घेतला. त्याला माझं सगळं ऐकू येत होतं.

म्हणाला, भावजी, कालपासून तिला कुणाचंच ऐकू येईना. डॉक्टर म्हणतो कान चांगलेत. ती हट्टाला पेटलीये, तुमच्याकडंच यायचं म्हणते. उद्या सकाळच्या जीपनं घेऊन येतो.

रविवारी सकाळी रामकिसन. मंगळवारी सकाळी गेला. बुधवारी सकाळी उषा. म्हणजे उद्या.

मावशीचे पाय धरले. तेव्हा ती बोलली. दिवाळीआधी बाजारात तिची नात हरवली होती. भिवाबाबा घाबरला, भोंग्यावर पोरीचं नाव घेऊन बसला. पोरगी सापडली, पण सांजच्याला तिला आजोबाची हाक ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी भिवाबाबानं धुतलेलं धोतर नेसलं, भोंग्यावर गेला आणि स्वतःचं नाव घेतलं. पोरगी आज मंठ्यात शाळेत जाते. दवंडी मागं घेता येत न्हाई, म्हणाली, पण बदलता येती. ज्यानं नाव घेतलं त्यानंच दुसरं घ्यायचं.

मी चिडलो. रामकिसनच्या वेळी का नाही सांगितलं? ती म्हणाली, कुणापायी सांगायचं बाबा? सांगणं म्हंजी दुसरा माणूस मागणं. आणि मग खाली बघत म्हणाली, माझं नाव घ्या. माझं सगळं झालंय.

मी नाही म्हणालो नाही. ते लिहून ठेवतो, कारण त्याची लाज वाटते.

संध्याकाळी लाइट होती. मशीनसमोर बसलो. बोट M वर होतं. गोजरबाई म्हणू की माझंच, वसंता, म्हणू. ज्या बाईनं माझ्या उषासाठी कोपरा सारवला, तिचं नाव तोंडापर्यंत आलं होतं. बोट उचललं आणि घरी आलो. मला मरायची भीती वाटते. बाळाचं तोंड बघायचं आहे मला.

२२ एप्रिल, सकाळ

पहाटेपासून लाइट नाही. काल होती तेव्हा मी—

उजाडताच इथं पंचायतीत येऊन बसलोय. धुतलेला शर्ट घातलाय. माझंच नाव घेणार. मावशीचं नाही. तिला घरी पाठवलंय. वही इथंच ठेवीन, उषाला वाचता यावी. तिला ऐकू येत नसलं तरी वाचता—

येईलच ऐकू. नाव घेतलं की येईल.

लाइट नाही अजून.

—

आली! मशीन उठतंय. किती वेळ घेतं हे, किती—

पट्ट्या. MM. साठवलेलं तसंच. मोठीवर M दाबला. 00.

माईक तोंडाशी. घेतलं. वसंता. बापाचं नाव. गावाचं नाव. कै. म्हणालो स्वतःला. आवाज कापला नाही.

झालं. उषा, झालं बघ. रडू नको. पोरगी झाली तर—

खिडकीपाशी बसून लिहितोय. आता धूर थांबेल. धूर थांबला की समजायचं, पोचलं.

—

धूर आहे अजून.

दुर्गाबाईंच्या घरावर आहे. वरच्या आळीत आहे. आमच्या— मावशीच्या छपरावर पण आहे. ती उषासाठी भाकरी करतेय. कुणीच चूल विझवली नाही. कुणीच ऐकलं—

माईकची पट्टी.

ती वेगळी. तिच्याखाली MM. बुधवारी मीच साठवलं. मुकं. मीच आठवणीनं—

M दाबला. 00. आता दोन्ही 00. आता घेतो, आता परत—

लाइट गेली.

पंखा थांबला. सगळं ऐकू येतंय आता. जीप येतेय, फाट्याकडून. नको. थोडं थांब. लाइट आली की लगेच— अर्धा मिनिट—

माईकमध्ये तसाच बोलतोय. वसंता. वसंता. वसंता गेला—

धूर आहे.

जीप थांबली. धर्मराज उतरला. ती उतरतेय, हात पोटावर. मी खिडकीतून ओरडतोय, उषा, उषा, इकडं, वर बघ— सगळे बघतायत, तीच बघत नाही— पंचायतीच्या पायरीला टेकून खाली बसतेय— उषा, बसू नको, तिथं बसू—