परसातले जंतू

१२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही मजेत. तुझे भाऊजी गुडघा धरून बसतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहितेय.

परसातल्या तुझ्या नळ्या जागच्या जागी आहेत. कौतुक वाटतं रे तुझं. जुन्या कारखान्यातलं यंत्रं धुवायचं रसायन जमिनीत मुरून वस्तीच्या विहिरींकडे निघालेलं, आणि तू वाटेत बारा नळ्या पुरून, तेल नि काकवी पाजून, खाली जंतूंची भिंत उभी केलीस! पाणी त्यातून जाताना ते विष फस्त करतात म्हणे. छत्तीस वर्षं इस्पितळात जंतू मारणाऱ्या बाईच्या दारात जंतूंची खानावळ! भाऊजी हसून हसून लोळले.

वास तेवढा नको नको. सडक्या अंड्यांचा.

तर गेल्या महिन्यात माझ्या वॉर्डातल्या मैत्रिणी चहाला यायच्या होत्या.

सांगूनच टाकते. त्या दिवशी वासाने माझं डोकं फिरलं. बादलीभर ब्लीचिंग पावडर कालवली आणि चौथ्या, पाचव्या, सहाव्या नळीत ओतून मोकळी झाले. जन्मभराची सवय, हात आपोआप चालले. वर मैत्रिणी "घर किती स्वच्छ गं" म्हणाल्या, तेव्हा फुशारकीही मारली.

पंधरा दिवसांनी तुझे नमुने बिघडले. जंतू मेलेले, विष पलीकडे सरकायला लागलेलं. तू नळ्यांत तेल-काकवी सोडणाऱ्या पंपवाल्याला धरलंस. डब्यांची अदलाबदल करून भलतंच काही ओतलं म्हणून त्याला काढून टाकलंस. तो माझ्याकडे चावी द्यायला आला. "ताई, मी डब्यावरची चिठ्ठी तीनदा वाचतो हो," एवढंच म्हणाला. आणि मी त्याला चहा विचारला! खरं बोलायला तोंड उघडेना. लाज वाटली, शिवाय तुझी भीती. ज्याचे कान मी पिरगाळले त्याची भीती, काय ही दशा!

काल त्याच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं. त्याची बायको म्हणाली, "आता कशाला आलात?" बरोबरच होतं तिचं. तो मात्र फिस्सकन हसला. "तीनच नळ्या ना? नऊ वाचल्या. जंतू परत सोडता येतील." आणि कुठल्या नळीत किती काकवी, नवे जंतू कधी सोडायचे, सगळं कागदावर लिहून दिलं. तू काढून टाकलेला माणूस, बरं का! कागद सोबत जोडलाय.

तुझ्या साहेबांना कबुलीचं पत्र मी सकाळीच टाकलंय, म्हणजे तुला पांघरूण घालता यायचं नाही. हे वाचलंस की आधी त्याला फोन कर. माफी माग, तीही धड. "गैरसमज झाला" वगैरे नको. मला शिव्या नंतर घाल, मी घरीच आहे.

तो कामावर परत येईपर्यंत स्वतःला तुझी मोठी बहीण म्हणायला लाजणारी,
ताई