पायाळूची पाठ

पुणे

आईच्या पायावर लेक अंजूचं डोकं.

ऑपरेशन झालं. सुग्रीवदादा म्हणत होता, मणक्याला हात लावला की बाई कायमची खाटंवर. मी काल वार्डात चालले. मणक्यात घालायच्या स्क्रूची दिशा रोबोटनं बराबर दाखवली, बसवले डॉक्टरनंच. पाठीवरच्या चिरा बोटाएवढ्या बी न्हाईत. डाव्या पायाचा अंगठा तेवढा बधिर हाये. तो बरा हुईल अशी हमी डॉक्टर देत न्हाईत. दादाला सांगू नको.

तुझा गुडघा कसाय?

मी पायाकडून जन्मले, म्हणून सारं हसनाबाद उसण भरली की माझी लाथ पाठीत घ्यायला यायचं. माझीच पाठ गेली, तव्हा तू म्हणलीस, दुसरा पायाळू शोध. मी डॉक्टर शोधला.

आता कुणी दारात आलं तर सांग, अंजूचे पाय अंजूलाच चालायला पाहिजेत.

तुझी न ऐकणारी,
अंजू