विझवायचा राहिलेला कोळसा

जोगेश्वरी पूर्व,
१९ जानेवारी २०२५

शकू,
जयभीम. आम्ही बरे आहोत. किरणचा खोकला अजून आहे, आणि तुझी वहिनी म्हणते मी गाळ्यातला वेल्डिंगचा वास घरी आणतो. पत्र बघून हसशील. पण फोनवर तू रडलीस की मी विषय बदलतो, म्हणून लिहितोय.

परवा गाळ्यातली चूल मोडीत काढली. आईला गावी करून दिलेल्या चुलीच्या जोडीची. किती मिरवलं होतं मी! कापसाच्या पऱ्हाटीचे, तुरीच्या तुराट्यांचे तुकडे भरायचे, वरून पेटवायचं. धूर नाही, स्वयंपाक होतो आणि तळाशी कोळसा उरतो. तो पाणी मारून विझवायचा आणि खतासारखा शेतात टाकायचा. आई आल्यागेल्याला दाखवायची, माझ्या रतननं केली म्हणून.

गेल्या जानेवारीत तू गावी आईकडे बाळंतपणाला आलीस. बाजेखाली शेक द्यायला आईने तोच कोळसा न विझवता घमेल्यात घेतला, वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावली आणि बाहेर भाकरी करायला बसली. शेजारच्या सोनूबाईने दार उघडलं तेव्हा तू बेशुद्ध होतीस आणि बाळ गेलं होतं.

तेव्हापासून तू आईशी बोलत नाहीस. म्हातारीला अक्कल नाही, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

शकू, त्या सकाळी आईने मला फोन केला होता. एरवी ती शेकाला गोवऱ्या घ्यायची आणि धुरामुळे दार उघडं ठेवायची. तिने विचारलं, "रतन, ह्यो इंगळ बाळंतिणीच्या खोलीत चालंल का?" मी घाईत होतो. म्हणालो, "अगं, धूरच नाही तर भीती कसली? बिनधास्त दार लाव."

मी ती चूल शंभरदा पेटवली असेल, पण गाळ्याचं शटर कायम वर. निखाऱ्याचा न दिसणारा वायू बंद खोलीत माणूस मारतो, हे मला नंतर डॉक्टरने सांगितलं.

आईने तो फोन आजवर कुणाला सांगितला नाही. माझ्यापायी तिने तुला गमावलं आणि मी वर्षभर गमावू दिलं. मला त्याची फार लाज वाटते.

दर फोनला ती विचारते, शकूचं काही कळलं का. तू एकदा जाऊन ये. चूल तिथे दिसणार नाही, तिने ती घरामागे पुरली आहे. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

आईने पाठीशी घातलेला,
रतन